छंदाच्या रकान्यात गेमिंग लिहावं का?

प्रश्न एका शेवटच्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे. कॉलेज सांगलीजवळचं. चार वर्षं बीजीएमआय, म्हणजे पबजीसारखा मोबाइलवरचा लढाईचा गेम, खेळतो, कॉलेजच्या संघाचा आयजीएल, म्हणजे खेळ चालू असताना निर्णय घेणारा कप्तान आहे, आणि गेल्या टेकफेस्टमध्ये त्याने या गेमची स्पर्धा भरवली होती. रेझ्युमेच्या तळाशी त्याने ‘हॉबीज: गेमिंग’ असं लिहिलं. कॉलेजची प्लेसमेंट पाहणाऱ्या टीपीओ सरांनी ते खोडलं आणि ‘वाचन, संगीत ऐकणे’ लिहायला सांगितलं. पुढे एमएससाठी बाहेर जायचाही विचार आहे. धाकटी बहीण अकरावीत आहे, तिला अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करायचाय आणि ती मैत्रिणींसाठी माइनक्राफ्टचा, म्हणजे ठोकळ्यांनी घरं-गावं बांधायच्या गेमचा, सर्व्हर चालवते. दोघांनी हे लिहावं की झाकून ठेवावं, असं त्याने विचारलंय.

सरांनी ‘गेमिंग’ खोडलं ते मला पटतं. त्याजागी ‘वाचन, संगीत’ लिहायला सांगितलं ते अजिबात पटत नाही. आणि तू भरवलेली स्पर्धा त्या कागदावर कुठेच नाही, ही खरी अडचण आहे. मी पुण्यात बरीच वर्षं कॅम्पस भरतीचं काम करते, मुलाखतीच्या पॅनेलवर बसते आणि मुलांच्या सराव-मुलाखतीही घेते. टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप लक्षात येईल.

ड्राइव्हमधली पहिली चाळणी आकड्यांची असते. दहावी-बारावीचे टक्के, सीजीपीए, चालू बॅकलॉग आहे की नाही. हे बहुतेक वेळा एक्सेलच्या तक्त्यातच उरकतं, तेव्हा रेझ्युमे कुणी उघडतही नाही. मग ॲप्टिट्यूड आणि कोडिंगची परीक्षा. मग टेक्निकल राउंड, त्यात प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप. छंदाच्या ओळीवर नजर जाते ती मुलाखतीच्या पहिल्या मिनिटाला, घाबरलेल्या मुलाला बोलतं करायला पॅनेलवाला काहीतरी सोपं शोधत असतो तेव्हा; नाहीतर थेट एचआर राउंडला. म्हणजे छंदामुळे कुणाची निवड होत नाही. छंदामुळे एक प्रश्न येतो. तो कोणता यावा हे मात्र लिहिणाऱ्याच्या हातात असतं, आणि बहुतेक मुलं ही संधी वाया घालवतात.

‘वाचन’ लिहिलंस की पहिला प्रश्न ठरलेला: सध्या काय वाचतोयस? शेवटचं पुस्तक कधी, कुणाचं? इथे तू अडखळलास की नुकसान छंदापुरतं राहत नाही. त्याच कागदावर तू लिहिलेला प्रोजेक्टही मग मी जास्त खोदून विचारते, कारण एक ओळ भरीची निघाली तर दुसरी का नसेल? सरांचा हेतू तुला वाचवण्याचा आहे, यात शंका नाही. पण जे तू करत नाहीस ते लिहिणं हे जे करतोस ते न लिहिण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

आता नुसतं ‘गेमिंग’ लिहिलं तर काय होतं? समोर बसलेला माणूस साधारण चाळिशीतला किंवा पन्नाशीतला असतो. त्याच्या घरी बहुधा एक शाळकरी मूल आणि एका मोबाइलवरून रोजची वादावादी असते. तो शब्द वाचताना त्याला तुझं कौशल्य दिसत नाही. रात्रीचं जागरण, सकाळी बुडालेलं लेक्चर आणि सोफ्यावर आडवं पडलेलं पोरगं दिसतं. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. क्रिकेट बघण्यात दिवस घालवणाऱ्याला कुणी असं तोलत नाही. बुद्धिबळ तर आपल्याकडे मानाचं. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला तेव्हा घराघरांत कौतुक झालं. तेच बुद्धिबळ त्याच वर्षी रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात इतर व्हिडिओ गेमांच्या रांगेत खेळवलं गेलं आणि मॅग्नस कार्लसनने ते जिंकलं, ही गोष्ट पॅनेलवरच्या फार थोड्यांना ठाऊक असते. तुझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटं असतात. तेवढ्यात समोरच्याचं मत बदलायला जाऊ नकोस. त्याला आधीपासून आदर असलेली गोष्ट त्याच्यासमोर ठेव.

आणखी एक गोंधळ असतो. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मोठ्यांच्या लक्षात यातलं फक्त ‘बंदी’ एवढंच राहिलं. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे गेम बंद झाले. रमी, फँटसी क्रिकेट आणि तुझा गेम ही सगळी एकच भानगड आहे अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक खेळ म्हणून वेगळं काढलंय, आणि त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच ई-स्पोर्ट्स केंद्राच्या क्रीडा खात्याकडे सोपवलं गेलं होतं. ही माहिती तुझ्याकडे दोन वाक्यांत तयार असू दे. विचारलं तरच सांगायची. आणि टेकफेस्टच्या स्पर्धेत प्रवेश फी घेतली असशील तर तिचा हिशेब तोंडपाठ ठेव: किती जमले, बक्षिसाला किती, उरलेले कुठे गेले, परवानगी कुणाची होती. ‘पैसे घेऊन गेम खेळवला’ हे वाक्य वेगळ्या सुरात ऐकलं जाऊ शकतं, म्हणून तो खुलासा तुझ्याकडूनच स्वच्छपणे यायला हवा.

आता तुझ्या स्पर्धेकडे येऊ, कारण सोनं तिथेच आहे.

तू मला लिहिलंस की ‘एक छोटी टुर्नामेंट घेतली होती’. मी अशा स्पर्धा भरवणाऱ्या मुलांशी बरंच बोलले आहे, त्यामुळे त्या ‘छोट्या’ कामात काय काय असतं ते मला माहीत आहे. एका लॉबीत, म्हणजे एका मॅचमध्ये, १६ संघ, प्रत्येकी ४ खेळाडू, म्हणजे ६४ जण एकाच वेळी. समजा ४८ संघांनी नावं दिली, तर तीन गट पाडायचे, प्रत्येकाच्या किती मॅच, वर कितीजण जाणार, हे आधी ठरवायचं. स्लॉट लिस्ट, म्हणजे कोणता संघ कुठल्या जागेवर बसणार त्याची यादी, लावायची. मॅचसाठी गेममध्ये स्वतःची कस्टम रूम काढायची, तिचा आयडी आणि पासवर्ड मॅचच्या थोडाच वेळ आधी कप्तानांच्या ग्रुपवर टाकायचा, कारण लवकर टाकला तर भलतेच आत शिरतात. दर वेळी कुणीतरी चुकीच्या स्लॉटवर बसतं, त्याला उठवायचं. मॅच संपली की निकालाचे स्क्रीनशॉट घेऊन गुणतक्ता भरायचा: पहिल्या क्रमांकाला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५ असे उतरते गुण, शिवाय टिपलेल्या प्रत्येक खेळाडूमागे १. हे पुढची मॅच सुरू व्हायच्या आत. त्यात कुणाची तक्रार की समोरचे दोन संघ संगनमत करून खेळतायत. कुणाचं नेट गेलं. कुणाला पुन्हा मॅच हवीय. आणि हे सगळं सेमिनार हॉलमध्ये, जिथे सव्वापाचला शिपाई कुलूप घेऊन उभा.

याला वेळापत्रक, माहिती-व्यवस्थापन, तंटे सोडवणं आणि दबावाखाली अचूक काम म्हणतात. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत तुझ्याकडून हेच मागितलं जाणार आहे. हे छंदाच्या रकान्यात टाकणं म्हणजे स्वतःच्या कामाची किंमत कमी करणं. ते ‘पोझिशन्स ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी’ या मथळ्याखाली जायला हवं, टेकफेस्टच्या इतर समन्वयकांची कामं जिथे येतात तिथेच. ओळ इंग्रजीतच असेल, पण आशय साधारण असा ठेव:

‘कॉलेज टेकफेस्टमध्ये ४८ संघांच्या मोबाइल ई-स्पोर्ट्स स्पर्धेचं आयोजन, ६ स्वयंसेवकांचं नियोजन, नियमावली, वेळापत्रक, गुणतक्ता आणि तक्रारींवर निर्णय.’

आकडे तुझे खरे घाल. बारा संघ आले असतील तर बारा लिही. बाराही पुरे आहेत. फुगवलेला आकडा दुसऱ्या प्रश्नाला कोसळतो, कारण मी लगेच विचारते की गट कसे पाडलेत, आणि ज्याने खरंच पाडले त्याला विचार करावा लागत नाही.

त्या ओळीवर मी पुढे काय विचारते तेही सांगते, म्हणजे तयारी करता येईल. परवानगी कुणाकडून आणलीस आणि त्यांचा आक्षेप काय होता? काय बिघडलं? कुणाला नाही म्हणावं लागलं? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका सराव-मुलाखतीत एका मुलीने दिलेलं उत्तर माझ्या अजून लक्षात आहे. दुसऱ्या मॅचला हॉस्टेलचं वायफाय बसलं आणि एक संघ बाहेर फेकला गेला. तो सिनियर मुलांचा संघ होता. त्यांनी मॅच पुन्हा घ्या म्हणून धरलं. तिने नियम आधीच सगळ्या कप्तानांना पाठवून ठेवला होता: रूमच बंद पडली तर मॅच पुन्हा होईल, एखाद्याचं नेट गेलं तर होणार नाही, मोबाइल डेटा तयार ठेवणं ज्याची त्याची जबाबदारी. तिने नकार दिला. मी विचारलं, “सिनियर रागावले नाहीत?” ती म्हणाली, “रागावले ना, मॅडम. बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते. पण त्यांना मॅच दिली असती तर उरलेल्या पंधरा संघांना मी काय सांगितलं असतं?” ‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ असं तिने एकदाही म्हटलं नाही. म्हणायची गरजच उरली नव्हती.

आयजीएल म्हणून तुझा जो अनुभव आहे त्याचंही असंच. ‘गेमिंगमुळे माझं टीमवर्क आणि डिसिजन मेकिंग सुधारलं’ हे वाक्य दर ड्राइव्हला कुणी ना कुणी म्हणतं आणि ते ऐकून पॅनेलवर कुणीही मान वर करत नाही. त्याऐवजी एक निर्णय सांग. झोन, म्हणजे खेळण्याची सुरक्षित जागा, सरकला, घर सोडून लवकर निघायचं की थांबायचं, तुझ्याकडे काय माहिती होती, तू काय ठरवलंस, चुकलं असेल तर पुढच्या सरावात काय बदललं. संघातला एकजण सांगूनही एकटाच पुढे धावत असेल तर त्याच्याशी तू काय बोललास? त्याला बाहेर काढलंस की त्याचं काम बदललंस? हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग संघाने एकत्र बसून बघितलं का? आणि हे सगळं गेम न खेळणाऱ्याला कळेल अशा भाषेत. ‘रोटेशन’, ‘थर्ड पार्टी’, ‘क्लच’ हे शब्द न वापरता घरी आत्याला किंवा काकांना सांगून बघ. त्यांनी मधे एखादा खरा प्रश्न विचारला तर तुझं सांगणं जमलं. नुसतं ‘हो का, छान’ आलं तर परत लिहून काढ.

रँकबद्दल सावध राहा. ‘कॉन्करर’ हा या गेममधला सगळ्यात वरचा टप्पा पहिल्या ५०० जणांनाच मिळतो, त्यामुळे तो लिहावासा वाटणं स्वाभाविक आहे. पण ज्याला हा गेम माहीत नाही त्याला तो शब्द काहीच सांगत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो मनातल्या मनात तास मोजतो. तिथवर पोहोचायला एका सीझनमध्ये किती वेळ ओतावा लागतो हे खेळणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्याच सेमिस्टरला तुझा सीजीपीए घसरलेला असेल तर दोन ओळी शेजारी ठेवून तो जे समजायचं ते समजेल. स्पर्धेतला निकाल वेगळा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ तिसरा आला असेल, तर स्पर्धेचं नाव, वर्ष, किती संघांत तिसरा, एवढं लिही. ते ‘अचीव्हमेंट्स’मध्ये जातं, कबड्डी किंवा कॅरमच्या बक्षिसासारखंच. आणि ‘ई-स्पोर्ट्स’ हे नाव अशा स्पर्धेलाच लाव. रात्री मित्रांबरोबर चार मॅच टाकल्या त्याला नको.

मुलं मुलाखतीत संशोधनाचे दाखले देतात, त्याबद्दलही सांगायला हवं. सगळ्यात जास्त ऐकू येतो तो सर्जनांचा अभ्यास. तो खराच आहे. न्यूयॉर्कचे डॉ. जेम्स रॉसर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो छापला. ३३ सर्जनांपैकी जे पूर्वी आठवड्याला ३ तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळत, त्यांच्या हातून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि त्यांनी काम २७ टक्के लवकर उरकलं. पण तो पडद्याकडे बघत हात चालवण्याबद्दलचा अभ्यास आहे, तोही सरावाच्या सामानावर. त्यावरून तू चांगला टेस्ट इंजिनिअर होशील असं काही सिद्ध होत नाही, आणि हे पॅनेलवरच्या कुणी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर नसेल. दुसरा दाखला स्टीफन जिलेट यांचा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये त्यांनी मोठा गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा गट, चालवला आणि २००८ मध्ये ते स्टारबक्सचे मुख्य माहिती अधिकारी झाले. तेही खरं. मात्र त्याआधी त्यांनी याहूमध्ये अभियांत्रिकीचं मोठं काम आणि कॉर्बिसमध्ये हेच पद सांभाळलं होतं. गिल्डने त्यांना घडवलं असेल, पण कामाचा इतिहास भक्कम होता. दुसऱ्यांचे दाखले तू देऊ नकोस. तुझी स्पर्धा तुझ्याकडे आहे.

गेम बनवणाऱ्या कंपन्यांकडे अर्ज करायचा असेल तर गणित पालटतं. पुण्यातच हे काम आहे: युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून इथे आहे, ‘इंडस’ काढणारी सुपरगेमिंग इथली, ‘राजी’ बनवणारी नॉडिंग हेड्सही इथलीच. तिथे खेळण्याची आवड गृहीत असते, म्हणूनच नुसत्या आवडीला वजन नसतं; अर्ज करणारे सगळेच खेळतात. तिथे विचारतात की बनवलंस काय. युनिटी किंवा अनरियल या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला एक पूर्ण झालेला लहानसा गेम हा अर्धवट सोडलेल्या पाच मोठ्या कल्पनांपेक्षा भारी पडतो. टेस्टिंगच्या जागेसाठी जाणार असशील तर तुला सापडलेल्या बगची नीट लिहिलेली नोंद बरोबर ने: फोन कोणता, आवृत्ती कोणती, काय काय केल्यावर बग दिसतो, दहापैकी किती वेळा दिसतो, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. ‘गेम लॅग होतो’ असं लिहिणारे हजार असतात. ‘ब्लूटूथ इअरफोन काढला की पावलांचा आवाज पुढची मॅच सुरू होईपर्यंत येत नाही’ असं लिहिणारा मिळाला की त्याला आत बोलावतात.

सरकारी वाटेवर असशील तर फार जपून. यूपीएससीची मुलाखत २७५ गुणांची असते आणि सविस्तर अर्जात छंदांचा रकाना असतो. तिथली मंडळी त्या रकान्यावरून समाज, अर्थकारण, कायदा असं कुठेही जाऊ शकतात. गेमिंग लिहिलंस तर ऑनलाइन जुगाराचा कायदा, मुलांमधलं व्यसन, मैदानी खेळ मागे का पडले, डेटाची गोपनीयता या सगळ्यावर तयारी हवी. तेवढी तयारी करणार असशील आणि छंद खरा असेल, तर लिहायला हरकत नाही. वरवरची आवड असेल तर तिथे नको. एसएसबीला, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवडीला, पीआयक्यू या माहितीच्या फॉर्ममध्ये खेळांचा आणि छंदांचा रकाना वेगवेगळा असतो. मोबाइलवरचा गेम खेळांच्या रकान्यात भरू नकोस. मुलाखत घेणारा अधिकारी मैदानाबद्दलच विचारणार. पण रिकामा वेळ कसा घालवतोस असं विचारलं तर खरं सांग, तिथे बनाव टिकत नाही.

‘व्यसन आहे का?’ हा प्रश्न कुठेही येऊ शकतो. चिडू नकोस. दिवसाला किती वेळ, परीक्षेच्या महिन्यात किती, शेवटचं कधी स्वतःहून बंद ठेवलं होतंस, हे सरळ सांग. आणि हा प्रश्न मुलाखतीच्या आधी स्वतःला प्रामाणिकपणे विचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वर जाणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. जास्त खेळणारा प्रत्येकजण यात बसत नाही, बहुतेक बसत नाहीत. पण या ओळी वाचताना पोटात खड्डा पडला असेल तर रेझ्युमे थोडा बाजूला ठेव आणि कुणाशी तरी बोल. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

एमएसच्या अर्जाचं थोडक्यात. तिथला एसओपी, म्हणजे ‘मला हे का शिकायचंय’ हे सांगणारा निबंध, प्राध्यापक वाचतात आणि त्यांना तुझा विषय हवा असतो. गेममधून तू विषयात शिरला असशील तरच तो उल्लेख कर. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, का उसळतो हे शोधायला तू वायरशार्क हे नेटवर्क तपासायचं सॉफ्टवेअर उघडलंस, पॅकेट कुठे हरवतात ते बघितलंस आणि तिथून नेटवर्किंगकडे वळलास, असं खरंच झालं असेल तर तो उत्तम परिच्छेद आहे. झालं नसेल तर जुळवू नकोस. सीव्हीवर स्पर्धेची ती एक ओळ राहू दे, बस.

बहिणीचं प्रकरण तुझ्यापेक्षा सोपं आणि मला विचारशील तर जास्त आशादायक आहे. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं कॉमन ॲपवरून अर्ज घेतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या गोष्टींसाठी जास्तीत जास्त १० जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, तीही रिकाम्या जागा धरून. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे हेही भरावं लागतं. तिथे ‘माइनक्राफ्ट खेळते’ लिहिलं तर आठवड्याचे बारा तास तिच्या विरोधात उभे राहतील. ‘३० विद्यार्थिनींसाठी सर्व्हर चालवते, बॅकअप, प्लगइन, नियम आणि वाद मिटवणं’ असं लिहिलं तर तेच बारा तास तिच्या बाजूने बोलतील. एकदा सगळ्यांनी बांधलेलं गाव कुणीतरी उद्ध्वस्त केलं आणि तिने बॅकअपवरून ते परत उभं केलं, असं तू लिहिलंयस. ते तिच्या निबंधात यायला हवं: कुणी केलं ते कळल्यावर तिने त्या मुलीला काढून टाकलं की ठेवलं, आणि का? तिच्या वर्गशिक्षिकांनाही हे सगळं दाखवा. शाळेकडून शिफारसपत्र जातं, आणि शिक्षिकेला जे माहीतच नाही ते त्या पत्रात येणार नाही. ब्रिटनचाही विचार असेल तर यूकॅसच्या, म्हणजे तिथल्या सामाईक प्रवेशाच्या, अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून एका मोठ्या निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत, सगळे मिळून ४,००० अक्षरांत. तिथे भर विषयाच्या तयारीवर असतो. संगणकशास्त्राला जाणार असेल तर सर्व्हरला तिथे जागा आहे, इतिहासाला जाणार असेल तर एखाद्या वाक्यापुरती.

‘गेमिंगवर स्कॉलरशिप मिळते’ हे तिने ऐकलंय, तेही खरं आहे. शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०१४ मध्ये लीग ऑफ लेजंड्स या गेमच्या संघासाठी ती पहिल्यांदा दिली आणि मग बऱ्याच कॉलेजांनी तोच मार्ग धरला. पण त्या जागा प्रशिक्षक स्वतः खेळाडू पारखून भरतात, खेळाडूची स्पर्धेतली कामगिरी पाहून. छंदाच्या ओळीचा तिथे संबंध नाही, आणि सर्व्हर चालवणारीसाठी ती वाट नाही.

अर्ज पाठवण्याआधी दोघांनीही एक काम करा. रेझ्युमेवर यूट्यूबचा किंवा डिस्कॉर्डचा दुवा देणार असाल तर तो उघडला जाणार हे धरून चला. मी उघडते. तुझ्या जुन्या स्ट्रीममध्ये हरल्यावर तू काय बोललास, चॅटमध्ये मुलींबद्दल काय लिहिलं गेलं आणि तू ते चालू दिलंस का, हे त्या सुंदर ओळीपेक्षा जास्त बोलतं. खेळातलं नाव शिवीवरून किंवा जातीवरून घेतलेलं असेल तर ते आजच बदल.

आता टीपीओ सर. ‘गेमिंग लिहू का?’ असं विचारायला जाऊ नकोस, उत्तर तुला मिळालेलं आहे. स्पर्धेची तयार ओळ, परवानगीच्या अर्जाची प्रत आणि छापलेला गुणतक्ता घेऊन जा आणि ही ओळ जबाबदारीच्या मथळ्याखाली चालेल का एवढंच विचार. छंदात तुला जे खरंच आवडतं ते एकच लिही, नसेल तर तो रकाना काढून टाक. कॉलेजच्या ठरावीक साच्यात तो भरावाच लागत असेल तर तेही सरांनाच विचार. टेकफेस्टच्या समन्वयकांकडून आयोजनाचं प्रमाणपत्र घेतलं नसशील तर या सेमिस्टरमध्येच घे. त्यावर तुझं काम आणि संघांची संख्या नीट लिहून घे, नुसतं ‘सहभाग’ नको. कॉलेज सुटल्यावर समन्वयक बदलतात, आणि पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीचा फोन आला की उचलणाऱ्याला ती स्पर्धा झाली होती हेही ठाऊक नसतं.